खाली सही माझी

१९८४ साली बीएसआरबीची परीक्षा देऊन मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि २०२० साली शाखाधिकारी म्हणून बाहेर पडले. शेवटची सतरा वर्षं केबिनमध्ये गेली. केबिन म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती आणि एक काच. वर रीजनल ऑफिस, त्याच्यावर झोनल, त्याच्यावर हेड ऑफिस. खाली दोन ऑफिसर, पाच क्लार्क, एक दफ्तरी, एक शिपाई. आमचे हे म्हणायचे, "तुझी नोकरी म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर." तसं नव्हतं. आड आणि विहिरीच्या मध्ये उभ्या माणसाला न पडण्याची काळजी घेतली की झालं. मला दोन्हीकडचं पाणी भरायचं होतं.

त्या सतरा वर्षांतलं डोक्यात उरलंय ते विस्कळीतच आहे. क्रमांक दिलेत ते सवयीने. बँकेत क्रमांकाशिवाय कागद पुढे सरकत नाही.

१. अधिकार वाढला की सही लहान होते. क्लार्क होते तेव्हा मी नाव, मधलं अक्षर, आडनाव असं सगळं सुवाच्य काढून खाली रेघ आणि दोन टिंबं द्यायचे. मॅनेजर झाल्यावर दिवसाला दोन-अडीचशे सह्या. व्हाउचर, डीडी, मंजुरीपत्र, रजेचा अर्ज, पाण्याच्या जारचं बिल. आधी टिंबं गेली, मग आडनाव गेलं, शेवटी एक अक्षर आणि त्याला शेपूट एवढंच उरलं. एकदा माझ्याच शाखेत माझ्याच खात्यावरचा चेक मी दिला, आणि नुकताच लागलेला क्लार्क तो घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला. कान लालबुंद. "मॅडम, सही जुळत नाही." 'मी कोण आहे माहीत आहे ना?' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिऱ्हाइकांच्या तोंडून तेच आलं की मी इतकी वर्षं मनात हसत होते. गिळलं. त्याच्या स्क्रीनवर जाऊन पाहिलं, तर माझी जुनी सही तिथे टिंबांसकट बसली होती. खरंच जुळत नव्हती. त्या दिवशी शाखेत नेमकं काम एकट्या त्यानेच केलं होतं. घरी जाताना वाटलं, मी दिवसभर जे कागद खाली सही करून सोडते, त्यांतला निर्णय बहुधा वरच्या कुणाचा असतो आणि काम खालच्या कुणीतरी केलेलं असतं. माझं त्यात काय, तर ते शेपूट. आणि उद्या काही बिनसलं, तर पहिल्यांदा त्या शेपटालाच धरणार.

२. बढतीत पहिली जाते ती डब्याची पंगत. मी अनेक वर्षं युनियनच्या सभांना जाणारी, गेटवर घोषणा देणारी बाई. मॅनेजर लोकांच्या नकला करण्यात माझा हातखंडा होता. मीच मॅनेजर झाले, तेव्हा वाटलं होतं, आपण वेगळ्या राहू. पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. सहा जणं गोल बसली होती. मी टेकले आणि बोलणं एकदम पावसावर आलं. पाऊस छान पडतोय, नाही का मॅडम, वगैरे. पाऊस अजिबात पडत नव्हता. चार दिवसांनी शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्हाला केबिनमध्येच ताट लावून देऊ का? इथं गर्दी होती." मी समजले. त्यानंतर सतरा वर्षं केबिनमध्ये वाटीतून शेंगदाण्याची चटणी यायची, कुणाच्या घरचं कार्य असलं की शेंगापोळीही यायची, पण काचेपलीकडचं हसणं काही आत आलं नाही. मला वाईट वाटायचं, आणि मग आठवायचं की ते बहुतेक माझीच नक्कल करत असणार. ती कशी करत असतील याची उत्सुकता आजही आहे. पंगतीतल्या एकीला निवृत्तीनंतर विचारलं, तर म्हणाली, "छे हो मॅडम, तुमची कुठे!" म्हणजे करत होते.

३. वरून आलेलं चाळून खाली सोडावं, हे मी लवकर शिकले. खालून आलेलं न चाळता वर पाठवावं, हे फार उशिरा. पहिल्या गोष्टीत काही विशेष नाही. रीजनल ऑफिसचा फोन सकाळी साडेनऊला यायचा. विम्याच्या पॉलिसी किती, कासाचे, म्हणजे चालू-बचत खात्यांतले, डिपॉझिट किती, शेजारच्या शाखेने केलं ते तुम्हाला का जमत नाही. सुरुवातीला तो फोन मी जसाच्या तसा, आवाजासकट खाली ओतायचे. नंतर कळलं की त्यातलं कामाचं वाक्य एकच असतं, बाकी वरच्या माणसाला त्याच्या वरच्याने सकाळी नऊला ऐकवलेलं असतं. ते एक वाक्य तेवढं बाहेर जाऊन सांगायचं. उरलेलं केबिनमध्येच जिरवायचं. ॲसिडिटीच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये असायच्या.

दुसरी गोष्ट मात्र महागात पडली. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या पट्ट्यातली शाखा होती. त्या भागात कमी पाण्यावर डाळिंबाने घरं उभी केली होती; ठिबक, भगवा वाण, मुंबई-दिल्लीचे व्यापारी बांधावर. आम्हीही कर्जं वाटली, आणि त्या आकड्यांवर माझं वर बरं नाव झालं. एका पावसाळ्यात आमचा शेती अधिकारी बांधावरून आला आणि शर्टाच्या खिशातून फळ काढून टेबलावर ठेवलं. सालीवर तेलकट काळे डाग, मधे तडा. "मॅडम, तेल्या आहे. मृग बहार धरलेले सगळे अडचणीत येणार. वर कळवायला पाहिजे." वय सव्वीस, बुटाला चिखल. मी म्हटलं, कळवते. आणि त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं: 'काही बागांवर रोगाचा किरकोळ प्रादुर्भाव, परिस्थिती निरीक्षणाखाली.' किरकोळ हा शब्द माझा. त्याने तो वापरला नव्हता. मला वर वाईट बातमी देणारी बाई व्हायचं नव्हतं, एवढंच. दमट हवेत तो जिवाणू बागेमागून बाग घेत जातो. ओळीने खाती थकली, रीजनल ऑफिसमधून विचारणा आली, की आधी का कळवलं नाही. आता कर्जाची फेररचना मागायलाही उशीर झाला होता. चौकशीत तो पोरगा एक शब्द बोलला नाही. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला असता, तर मला जास्त हलकं वाटलं असतं. ते फळ टेबलावर बरेच दिवस होतं. वाळून लाकडासारखं झालं, तरी डाग तसाच दिसत होता.

४. ज्याच्याशी पटत नाही त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. हे मला तिजोरीने शिकवलं. स्ट्राँगरूमची सेफ दोन चाव्यांनी उघडते. एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही एका हातात कधीही असू नयेत, हा नियम. एका शाखेत हेड कॅशियर माझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि बाईच्या हाताखाली काम करणं त्यांना मनातून रुचलेलं नव्हतं. ते त्यांनी लपवलंही नाही. अडीच वर्षं रोज सकाळी पावणेदहाला आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी उभे राहायचो, दोन चाव्या फिरवायचो आणि कॅशखेरीज एक शब्द बोलायचो नाही. एका पहाटे सहाला दाराची कडी वाजली. दारात ते. वडील रात्री गेले होते, गावी निघायचं होतं. "चावी देऊन जातो मॅडम. शाखा बंद राहायला नको." मला ती घेता येत नव्हती. शेजारच्या गल्लीतल्या ऑफिसरला झोपेतून उठवून आणलं. माझ्या स्वयंपाकघरात, कोऱ्या कागदावर, हेड कॅशियरनी त्याला चार्ज लिहून दिला, तारीख, वेळ, सही, आणि चहाही न घेता गेले. परत आल्यावर आमचं काही जुळलं वगैरे नाही. ते पूर्वीसारखेच तिरसट, मीही पूर्वीसारखीच ताठ. पण त्यांच्या शिक्क्याचं नोटांचं बंडल मी पुन्हा मोजायचं सोडून दिलं.

५. 'वर पाठवलंय' हे मधल्या माणसाचं लाडकं असत्य आहे. मी ते किती वेळा बोलले याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही, हे बरं. बचत गटांना बँकेशी जोडायचा नाबार्डचा उपक्रम १९९२ पासूनचा. मी मॅनेजर होईपर्यंत त्यात अवघड असं काही राहिलं नव्हतं. दहा-बारा जणींचा एक गट शेळ्यांसाठी कर्ज मागायला आला. वह्या व्यवस्थित, दर महिन्याची बचत वेळेवर. रक्कम माझ्या अधिकारातली होती. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाखेतल्या मॅनेजरला थकलेल्या कर्जावरून मेमो मिळाल्याचं ऐकलं होतं. मी घाबरले. सरळ 'देत नाही' म्हणायचंही धैर्य नव्हतं. म्हटलं, "वर पाठवते ताई." फाइल माझ्या उजव्या हाताच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेली, गोळ्यांच्या शेजारी. त्या बाया तीनदा आल्या. एसटीचं भाडं भरून, कामाचा खाडा करून. तिसऱ्यांदा त्यांची अध्यक्ष म्हणाली, "वरचं साहेब लई कामात असत्याल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. नंतर कळलं, दर आठवड्याला दारात येऊन हप्ता नेणाऱ्या कुठल्याशा कंपनीकडून पैसे उचलले, आमच्यापेक्षा कितीतरी चढ्या व्याजाने. त्यानंतर मी अधिकारातली फाइल आठवड्याच्या आत हो किंवा नाही करायला लागले. पण त्या बायांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

६. परवानगी वरून येते, रोकड येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला आम्ही जेवायला बसणार होतो. टीव्हीवर नोटबंदीचं ऐकलं आणि पहिला विचार आला तो तिजोरीतल्या पाचशे-हजारच्या बंडलांचा. नऊ तारखेला बँका लोकांसाठी बंद. दहा तारखेला सकाळी शटर वर केलं, तर रांग एसटी स्टँडपर्यंत. पुढचे पन्नास दिवस मी नेमकी काय करत होते, असं कुणी विचारलं तर सांगेन: कागद चिकटवत होते. बदलून देण्याची मर्यादा ४,०००. मग ४,५००. मग बोटाला शाई. मग २,०००. मग बदलून देणंच बंद. फळ्यावर एक कागद लावायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खाली सही माझी. लोक तो नियम मीच केल्यासारखे माझ्याशी भांडायचे, आणि त्यांचं काय चुकलं? सही माझीच होती.

त्यात १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली. ज्या शेतकऱ्यांचं आयुष्यभराचं खातं तिथे, ते सगळे आमच्या दारात. लग्नसराई तोंडावर. लग्नघराला अडीच लाख काढता येतील अशी सवलत जाहीर झाली, आणि एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले. हळद लावलेली पत्रिका त्यांनी माझ्यासमोर ठेवली, आधी आमंत्रण दिलं, मग कामाचं बोलले. मी त्यांना नियम वाचून दाखवला: ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी हवी, आणि त्यांचं बँकेत खातं नाही असं त्यांचं लेखी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्याडम, हलगीवाल्याकडनं लिहून आणू? आन् आचाऱ्याकडनं?" दोन दिवसांनी त्यांनी खरंच आणलं. वहीच्या पानांवर अंगठे. कागद पुरे होते. मंजुरी होती. करन्सी चेस्टकडून त्या दिवशी शाखेला जेवढं आलं होतं, त्यातून मी त्यांना चाळीस हजार देऊ शकले, तेही सगळे दोन हजारांच्या नोटांत, ज्यांचे सुटे गावात कुणाकडे नव्हते. ते चिडले नाहीत. आमंत्रण आहे, या म्हणाले. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

आणि त्याच दिवसांतली ती रात्र. दोन नंबरच्या काउंटरवरच्या पोराची कॅश साडेनऊ हजारांनी कमी आली. दिवसभर त्याने पाणी प्यायला मान वर केली नव्हती. अकरा वाजेपर्यंत आम्ही मोजलं. मी, तो, आणि तीन नंबरवरची मुलगी, जी घरी जाऊ शकत होती पण थांबली. कचऱ्याचा डबा पालथा केला, स्लिपा पुन्हा जुळवल्या. नाही सापडले. ज्याची कॅश त्याने भरायची, हा नियम. तो रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "भरावे लागतील रे." त्याने भरले. घरी येऊन पडले, तेव्हा रात्री एकला डोक्यात आलं की निम्मे आपण भरू शकलो असतो. पगारात काही फरक पडला नसता. सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी पुन्हा रांग होती, पुन्हा नवा कागद होता. राहून गेलं. ते राहून गेलेले पावणेपाच हजार अजून माझ्याच खात्यात आहेत, असं मला कधीकधी पासबुक भरताना वाटतं.

७. ड्यूटीची यादी करणं हे हुद्द्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते कुणी शिकवत नाही. एप्रिल २०२०. टाळेबंदीत सगळं बंद, बँका चालू. जनधन खात्यावर बायकांचे पाचशे रुपये यायचे होते, खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिलेले. तेवढं वरून आलं. कुणाला बोलवायचं ते माझ्यावर. एकाला मधुमेह, एकीची सासू अंथरुणावर, एकीला सहावा महिना, आणि दफ्तरी रोज अठरा किलोमीटर सायकलवर येणार. मी पहिलं नाव स्वतःचं टाकलं. यात शौर्य काही नव्हतं. साठीला सात महिने उरले होते आणि मला पुढची नावं लिहिताना हात थरथरायला नको होता. तरी थरथरलाच.

८. कौतुक वरून आलं तर त्यावर नाव चुकलेलं असतं. सतरा वर्षांत मला दोन प्रशस्तिपत्रं मिळाली. एकावर माझ्या नावाआधी 'श्री.' छापलेलं आहे. यांनी ते मुद्दाम फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय, आणि पाहुण्यांना दाखवतात. बदल्या मिळाल्या, मानेचा पट्टा मिळाला. आणखी काय मिळालं, असं विचारलं तर लगेच उत्तर सुचत नाही. बाजारात कधीतरी एखादा माणूस भाजीची पिशवी खाली ठेवून नमस्कार करतो आणि मला त्याचं नाव आठवत नाही, फक्त कर्जाचा प्रकार आठवतो. 'म्हशी, दोन.' असं काहीतरी.

ती तीन नंबरच्या काउंटरवरची मुलगी आता मराठवाड्यात एका शाखेची मॅनेजर आहे. तिला ऑफिसरच्या परीक्षेला मीच ढकललं, असं ती सगळ्यांना सांगते. मला आठवतं ते एवढंच की तिचा रजेचा अर्ज मी दोनदा परत पाठवला होता. मधूनमधून रात्री तिचा फोन येतो. पंगतीत आता तिलाही कुणी बसवून घेत नाही, म्हणून मला करत असेल. गेल्या मार्चएंडला साडेनऊच्या सुमाराला आला.

"मॅडम, कॅश टॅली होत नाहीये. साडेतीन हजार शॉर्ट. पोरगं रडतंय."

"कचऱ्याचा डबा बघितला?"

"बघितला."

"बंडलांच्या पट्ट्या सोडून मोजा. आणि त्याला आधी चहा दे, अगं."

"दिला."

मी जागी राहिले. यांनी विचारलं, कुणाचा फोन, तर म्हटलं, बँकेतला. "तू रिटायर झालीयस," असं म्हणून ते झोपले. पावणेबाराला तिचा मेसेज आला: 'नाही सापडले. निम्मे मी भरले. कुणाला सांगू नका हं.'

आणि मी हे इथे तुम्हाला सांगून बसले.